डेबियन १२ वर जीसीसी १४ हवाय, सिस्टीम न मोडता कसा आणायचा?

तिठा (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

मशीनवर डेबियन १२ (बुकवर्म), ६४ बिट आहे. सोबत येणारा जीसीसी (सी/सी++ चा कंपायलर) १२.२, जीलिबसी (सगळे प्रोग्राम वापरतात ती मूळ सी लायब्ररी) २.३६. आमच्या सी++ प्रकल्पात आता एसटीडी::प्रिंट आणि सी++२३ मधलं 'डिड्यूसिंग धिस' (मेंबर फंक्शनला 'धिस' उघड पॅरामीटर म्हणून घेता येण्याची सोय) वापरायचं ठरलंय, म्हणजे किमान जीसीसी १४ लागणार. बुकवर्मच्या रिपॉझिटरीत जीसीसी ११ आणि १२ एवढेच दिसतात, बॅकपोर्ट्समध्येही काही नाही.

सोर्सेस लिस्टमध्ये ट्रिक्सीची (डेबियन १३) ओळ घालून फक्त जीसीसी-१४ मागवून पाहिला. एप्टने जी यादी दाखवली त्यात लिबसी६ (२.३६ वरून २.४१), लिबसी-बिन, लिबसी६-डेव्ह, लिबएसटीडीसी++६, लिबजीसीसी-एस१, बिनयुटिल्स असं बरंच काही बदलणार होतं. 'नाही' म्हणून बाहेर आलो आणि ती ओळ काढून टाकली.

प्रोग्राम शेवटी ज्या सर्व्हरांवर चालवायचा तेही डेबियन १२ च आहेत. त्यांची आवृत्ती तूर्त बदलणार नाही आणि त्यांच्यावर कंपायलर टाकायची परवानगी नाही. तेव्हा:

१) कंपाइल करायच्या मशीनवर जीसीसी १४ आणायचा सुरक्षित मार्ग कोणता?
२) तयार झालेली बायनरी सर्व्हरवर तशीच चालेल का?
३) अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज (डीफॉल्ट आवृत्ती निवडायची डेबियनची सोय) वापरून नवा जीसीसी डीफॉल्ट करावा का?

---

घाटवाट

'नाही' म्हणालात ते उत्तम केलंत. त्या यादीतलं लिबसी६ हे नाव सगळ्यात महत्त्वाचं. ट्रिक्सीचा जीसीसी-१४ ट्रिक्सीच्या जीलिबसीवर बांधलेला असतो, म्हणून तो आपल्याबरोबर नवा जीलिबसी ओढून आणतो. आणि जीलिबसी म्हणजे बॅशपासून एसएसएचपर्यंत प्रत्येक प्रोग्रामच्या पायाखालचा दगड. तो एकदा वर गेला की खाली आणायचा सरळ मार्ग नाही, कारण डाउनग्रेडला डेबियनचा आधारच नाही. एप्ट पिनिंग करूनही हे टळत नाही. पिनिंगने कोणतं पॅकेज कुठून घ्यायचं एवढं ठरतं, त्या पॅकेजच्या गरजा काही कमी होत नाहीत.

तुमच्या प्रश्नात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. त्या सुट्या केल्या की बाकीचं सोपं होतं.

पहिली गोष्ट खुद्द कंपायलर. तो एक साधा प्रोग्राम आहे. कुठल्याही फोल्डरमध्ये ठेवा, दहा आवृत्त्या शेजारीशेजारी नांदतात. डिड्यूसिंग धिससारखी भाषेतली सोय याच्याकडून मिळते.

दुसरी गोष्ट लिबएसटीडीसी++, म्हणजे जीसीसीची सी++ लायब्ररी. एसटीडी::फॉरमॅट (१३ पासून), एसटीडी::प्रिंट (१४ पासून) इथे राहतात. हिच्या .एसओ फाइलचं नाव २००४ च्या जीसीसी ३.४ पासून तेच आहे, शेवटी ६. जुन्या बायनरी नव्या लायब्ररीवर चालतात, नव्या बायनरी जुन्या लायब्ररीवर चालतीलच असं नाही. प्रत्येक जीसीसीबरोबर सिंबॉलची (लायब्ररीतल्या फंक्शनांच्या नावांची) एक नवी पायरी चढते: १२ ला जीलिबसीएक्सएक्स_३.४.३०, १३.१ ला ३.४.३१, १३.२ ला ३.४.३२, १४ ला ३.४.३३, १५ ला ३.४.३४. तुमच्या सर्व्हरवर ३.४.३० पर्यंतच्या पायऱ्या आहेत.

तिसरी गोष्ट जीलिबसी. इथे नियम एकच: बायनरी ज्या मशीनवर चालवायची त्यातल्या सगळ्यात जुन्या जीलिबसीवर बांधायची. तुमच्याकडे दोन्हीकडे २.३६ आहे, म्हणजे कंपाइलसुद्धा बुकवर्मवरच करा. ट्रिक्सीच्या कंटेनरमध्ये करू नका. त्यात एक बारीक खोच आहे. जीलिबसी २.३८ पासून एसटीआरटीओएल, एसस्कॅनएफ ही फंक्शन्स सी२३ च्या नियमांसाठी नव्या नावाच्या सिंबॉलकडे वळवलेली आहेत, नावात आयएसओसी२३ येतं ती. जी++ नेहमीच _जीएनयू_सोर्स डिफाइन करतो, त्यामुळे तुम्ही काही वेगळं मागितलं नसलं तरी ही वळवणी लागू होते. म्हणजे कोडमध्ये एक एसटीआरटीओएल असला तरी ट्रिक्सीवर बांधलेली बायनरी बुकवर्मवर 'व्हर्जन जीलिबसी_२.३८ नॉट फाउंड' म्हणून उठायलाच नकार देते. लिबएसटीडीसी++ स्टॅटिक लिंक करूनही यातून सुटका नाही, कारण ही मागणी जीलिबसीची आहे.

म्हणून उत्तर: बुकवर्मवरच, जीसीसी १४ सोर्समधून, वेगळ्या फोल्डरमध्ये. आणि डीफॉल्ट बदलू नका.

---

शून्यापासून

सोर्समधून बांधायची रीत देतो. फोरमच्या शिरस्त्यानुसार कमांड देवनागरीत आहेत, टर्मिनलवर नेहमीच्या स्पेलिंगने द्या.

तयारी: बिल्ड-इसेन्शियल, डब्ल्यूगेट, एक्सझेड-युटिल्स. डिस्कवर १० जीबी मोकळी ठेवा.

जीएनयूच्या एफटीपीवरून जीसीसी-१४.२.० ची .टार.एक्सझेड फाइल आणि तिची .सिग फाइल घ्या, सही जीपीजीने तपासा. मग:

टार एक्सएफ जीसीसी-१४.२.०.टार.एक्सझेड
सीडी जीसीसी-१४.२.०
./कॉन्ट्रिब/डाउनलोड_प्रीरिक्विझिट्स

ही स्क्रिप्ट जीएमपी, एमपीएफआर, एमपीसी, आयएसएल वगैरे लायब्ररी योग्य आवृत्तीत आणून सोर्सच्या आत ठेवते. त्या तिथेच स्टॅटिक बांधल्या जातात, त्यामुळे पुढे कंपायलरला त्यांची .एसओ शोधत फिरावं लागत नाही.

बिल्डचं फोल्डर सोर्सच्या बाहेर हवं. सोर्सच्या आतच कॉन्फिगर चालवलं तर मध्येच विचित्र एरर येतात आणि कारण सापडत नाही.

एमकेडर ../बिल्ड-१४ आणि सीडी ../बिल्ड-१४
../जीसीसी-१४.२.०/कॉन्फिगर --प्रीफिक्स=/ऑप्ट/जीसीसी-१४ --इनेबल-लँग्वेजेस=सी,सी++ --डिसेबल-मल्टीलिब --इनेबल-डीफॉल्ट-पीआयई --प्रोग्राम-सफिक्स=-१४
मेक -जे८
मेक इन्स्टॉल-स्ट्रिप

यातल्या प्रत्येक ऑप्शनला कारण आहे.

प्रीफिक्स आणि सफिक्स दिले नाहीत तर सगळं /यूएसआर/लोकलमध्ये जातं. पाथमध्ये ते /यूएसआर/बिनच्या आधी येतं, म्हणजे जो कोणी 'जीसीसी' म्हणेल त्याला नकळत १४ मिळेल. नेमकं तेच टाळायचं आहे. /ऑप्ट/जीसीसी-१४ हे फोल्डर आधीच करून स्वतःच्या नावावर घेतलंत तर इन्स्टॉलला सुडोसुद्धा लागत नाही.

डिसेबल-मल्टीलिब नसेल तर जीसीसी ३२ बिटांच्या लायब्ररीही बांधायला जातो आणि त्यांचे हेडर आणि लायब्ररी नसल्याने कॉन्फिगरमध्येच एरर देऊन थांबतो. ३२ बिट नको असेल तर हा ऑप्शन द्याच.

डीफॉल्ट-पीआयई (मेमरीत कुठल्याही पत्त्यावर बसू शकणारी बायनरी करणं) डेबियनच्या स्वतःच्या जीसीसीत चालू असतो, मूळ सोर्समध्ये नसतो. न दिल्यास तुमच्या बायनरी पीआयई होत नाहीत, आणि या कंपायलरने बांधलेली एखादी स्टॅटिक लायब्ररी पुढे डेबियनच्या जीसीसीने लिंक केली की 'आर_एक्स८६_६४_३२' या रिलोकेशनची तक्रार येते. लोक मग सगळीकडे -एफपीआयसी पेरत बसतात. मूळ कारण हे असतं.

मेमरी: दर जॉबला साधारण दीड जीबी धरा. ८ जीबीच्या मशीनवर -जे८ दिलंत तर 'किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्राम सीसी१प्लस' दिसेल. तो कंपायलरचा दोष नाही, कर्नलने मेमरी संपली म्हणून मारलेला असतो. -जे४ करून तीच मेक कमांड पुन्हा द्या, झालेलं काम वाया जात नाही.

जीसीसी स्वतःला तीनदा बांधतो. आधी जुन्या कंपायलरने, मग त्यातून निघालेल्याने, मग पुन्हा त्याने, आणि शेवटच्या दोन्हींचं ऑब्जेक्ट कोड जुळवून पाहतो. डिसेबल-बूटस्ट्रॅपने वेळ बराच वाचतो, पण रोजच्या कामाचा कंपायलर असेल तर ही पडताळणी गमावू नका. आठ कोरवर तासाभराचं काम आहे.

---

तिठा

घाटवाट, शून्यापासून, दोघांचेही आभार. वरच्या रीतीने बांधला, काही अडलं नाही. पण साधा हॅलो वर्ल्डसुद्धा चालवताना:

/लिब/एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू/लिबएसटीडीसी++.एसओ.६: व्हर्जन 'जीलिबसीएक्सएक्स_३.४.३२' नॉट फाउंड

यात प्रिंट नाही, फॉरमॅट नाही, फक्त आयओस्ट्रीम इन्क्लूड केलंय. मग ३.४.३२ कुठून आलं?

---

घाटवाट

आयओस्ट्रीममधूनच. आधीच्या जीसीसीत सीआउट, सीइन तयार करणारा छोटा स्टॅटिक ऑब्जेक्ट आयओस्ट्रीम घेणाऱ्या प्रत्येक फाइलमध्ये बसायचा. १३ पासून ते काम लायब्ररीच्या आत हलवलं. आता तुमच्या ऑब्जेक्टमध्ये आयओएस_बेस_लायब्ररी_इनिट या सिंबॉलचा फक्त संदर्भ राहतो आणि त्यावर ३.४.३२ चा शिक्का आहे. म्हणून नव्या जीसीसीने केलेला कुठलाही आयओस्ट्रीमवाला प्रोग्राम जुन्या लायब्ररीवर पहिल्याच पावलाला अडतो.

कंपाइल आणि लिंक करताना जी++-१४ ने आपली लायब्ररी वापरली. चालवताना मात्र लोडरला ती कुठे आहे हे कोणी सांगितलं नाही, म्हणून त्याने सिस्टीमची उचलली. उपाय दोन:

एक, बायनरीतच पत्ता लिहा. लिंक करताना -डब्ल्यूएल,-आरपाथ,/ऑप्ट/जीसीसी-१४/लिब६४ द्या. रीडएल्फ -डी ने आरपाथ किंवा रनपाथची ओळ दिसते का पाहा, एलडीडीने खात्री करा. कंपाइल करायच्या मशीनवर हे पुरेसं आहे, सर्व्हरवर ते फोल्डर नसणार.

दोन, -स्टॅटिक-लिबएसटीडीसी++ -स्टॅटिक-लिबजीसीसी. सर्व्हरसाठी हेच सोपं. जीसीसीच्या रनटाइम लायब्ररींना लायसन्समध्ये वेगळी सूट आहे, त्यामुळे बंद सोर्सच्या प्रोग्रामलाही हे चालतं. नुसतं -स्टॅटिक मात्र देऊ नका. त्याने जीलिबसीही आत जातो, आणि गेटअ‍ॅड्रइन्फोसारखी फंक्शन्स चालताना त्याच आवृत्तीच्या शेअर्ड लायब्ररी मागतात. लिंकर तशी वॉर्निंग देतो, ती खरी मानायची.

दोन मार्ग टाळा. एलडी_लायब्ररी_पाथ .बॅशआरसीमध्ये टाकू नका, त्या शेलमधून सुरू होणारा प्रत्येक प्रोग्राम मग नवी लायब्ररी घेतो. आणि /ईटीसी/एलडी.एसओ.कॉन्फ.डी मध्ये /ऑप्टचं फोल्डर घालू नका. तिथे घातलं की एप्टसकट सगळी सिस्टीम तुमच्या हाताने बांधलेल्या लायब्ररीवर उभी राहते.

---

कौलारू

अपडेट-अल्टरनेटिव्ह्जचं उत्तर राहिलंय. मला त्यात एवढा धोका वाटत नाही. जी++ आणि जीसीसी दोन्ही एकत्र जोडून (स्लेव्ह म्हणून) दिले की एका कमांडने इकडून तिकडे जाता येतं. उबुंटूवर सर्रास करतात.

---

शून्यापासून

कौलारू, सर्रास करतात हे खरं, पण डेबियनमध्ये आणि उबुंटूमध्येही /यूएसआर/बिन/जीसीसी ही लिंक अल्टरनेटिव्ह्जच्या ताब्यात नाही. ती 'जीसीसी' नावाच्या पॅकेजची स्वतःची फाइल आहे. तुम्ही ती अल्टरनेटिव्ह्जने बदललीत तर त्या पॅकेजचं पुढचं अपडेट आलं की डीपीकेजी मुकाट्याने आपली लिंक परत बसवतो. आज १४, उद्या १२, आणि कधी बदललं ते कळत नाही.

दुसरं, डीकेएमएस, म्हणजे कर्नल बदलला की बाहेरचे ड्रायव्हर आपोआप बांधणारी सोय. कर्नल ज्या जीसीसीने बांधलाय त्यानेच मॉड्यूल बांधायचे असतात. डीफॉल्ट बदललेल्या मशीनवर कर्नलचं अपडेट आलं की ग्राफिक्सचा किंवा व्हर्च्युअल मशीनचा ड्रायव्हर बांधताना आवृत्ती जुळत नाही म्हणून तक्रार येऊ शकते, आणि कधीकधी ती रीबूटनंतरच लक्षात येते.

प्रकल्पापुरतं सांगणं पुरतं: सीसी=/ऑप्ट/जीसीसी-१४/बिन/जीसीसी-१४ आणि सीएक्सएक्स=/ऑप्ट/जीसीसी-१४/बिन/जी++-१४. सीमेक हे दोन्ही फक्त पहिल्या कॉन्फिगरच्या वेळी वाचतो आणि कॅशमध्ये लिहून ठेवतो. जुन्या बिल्ड फोल्डरमध्ये नंतर कितीही एक्स्पोर्ट करा, तो १२ च वापरेल. फोल्डर नवा घ्या किंवा सीमेकला --फ्रेश द्या. बुकवर्मचा सीमेक ३.२५ आहे, हा ऑप्शन ३.२४ पासून आहे.

---

कौलारू

पॅकेजच्या मालकीचा मुद्दा पटला. सीसी आणि सीएक्सएक्सच बरं.

---

पायरी_पायरी

क्लँग या दुसऱ्या कंपायलरबद्दलही लिहितो, कारण ज्यांना तासभर बिल्ड नकोय त्यांना तो जवळचा वाटतो. एलएलव्हीएम प्रकल्प डेबियन आणि उबुंटूसाठी स्वतःची एप्ट रिपॉझिटरी चालवतो. तिथली एलएलव्हीएम.एसएच ही स्क्रिप्ट आवृत्तीचा आकडा देऊन चालवली की क्लँग-१८ किंवा त्यापुढचा बुकवर्मवर बसतो, आणि तो बुकवर्मसाठीच बांधलेला असल्याने जीलिबसीला हात लागत नाही. डिड्यूसिंग धिस क्लँग १८ मध्ये आहे.

पण लिनक्सवर क्लँग स्वतःहून लिबएसटीडीसी++ वापरतो, म्हणजे सिस्टीमची १२ ची. कंपायलर २०२४ चा आणि लायब्ररी २०२२ ची. 'फॉरमॅट' हेडर सापडत नाही म्हणून लोक क्लँगला दोष देतात, खरी उणीव लायब्ररीची असते. त्यासाठी एलएलव्हीएमच्या स्वतःच्या सी++ लायब्ररीची लिबसी++-१८-डेव्ह आणि लिबसी++एबीआय-१८-डेव्ह ही पॅकेजं घेऊन -एसटीडीलिब=लिबसी++ द्यावं लागतं. लिबसी++ १८ मध्ये एसटीडी::प्रिंट आहे.

मग पुढची अडचण. एप्टमधून घेतलेली प्रत्येक सी++ लायब्ररी (बूस्ट, प्रोटोबफ वगैरे) लिबएसटीडीसी++वर बांधलेली आहे. एकीकडे नावं एसटीडी::__सीएक्सएक्स११ मध्ये, दुसरीकडे एसटीडी::__१ मध्ये. स्ट्रिंग इकडून तिकडे गेली की लिंकर 'अनडिफाइन्ड रेफरन्स' म्हणतो. तुमच्या सगळ्या डिपेंडन्सी तुम्हीच बांधत असाल तरच हा रस्ता धरा. किंवा क्लँग १६ पासून आलेल्या --जीसीसी-इन्स्टॉल-डिर या ऑप्शनने त्याला /ऑप्टमधल्या जीसीसी १४ कडे वळवा, मग लायब्ररी १४ ची मिळते.

उबुंटू २२.०४ वाल्यांसाठी एक नेहमीचा खड्डा: क्लँग मशीनवरची सगळ्यात वरच्या आकड्याची जीसीसी फोल्डर शोधतो. कुठल्या तरी पॅकेजने जीसीसी-१२ आणला, पण लिबएसटीडीसी++-१२-डेव्ह आला नाही, तर क्लँग १२ निवडतो आणि 'आयओस्ट्रीम फाइल नॉट फाउंड' म्हणतो. काल चालणारा बिल्ड आज मोडला तर आधी हे पाहा. ते डेव्ह पॅकेज बसवलं की प्रश्न मिटतो.

तिथेच टूलचेन-आर/टेस्ट या पीपीएने (उबुंटूसाठीच्या जादा रिपॉझिटरीने) जीसीसी १३ घेणाऱ्यांनीही जपावं. तो पीपीए मशीनची लिबएसटीडीसी++६ सुद्धा वर नेतो. त्यामुळे तुमच्या मशीनवर सगळं बिनबोभाट चालतं आणि पीपीए नसलेल्या मशीनवर तीच ३.४.३२ ची तक्रार येते. उबुंटू २४.०४ वर १३ डीफॉल्ट आणि १४ युनिव्हर्समध्ये तयार आहे, तिथे यातलं काहीच करावं लागत नाही.

---

कौलारू

फक्त फॉरमॅट आणि प्रिंटसाठी चाललं असेल तर एफएमटी लायब्ररी पाहा. एसटीडी::फॉरमॅट तिच्यावरूनच बेतलंय. बुकवर्ममध्ये लिबएफएमटी-डेव्ह ९.१ आहे, जीसीसी १२ वर एफएमटी::प्रिंट लगेच मिळतो. डिड्यूसिंग धिस अगत्याचं नसेल तर कंपायलर बदलायचं कारणच उरत नाही.

---

घाटवाट

हा सल्ला चांगला आहे. नवा कंपायलर घेतला की जुना कोडही नव्या नियमांनी तपासला जातो, तेव्हा तो खर्चही मोजा. १३ पासून लिबएसटीडीसी++चे काही हेडर सीएसटीडीइंट आपणहून आणत नाहीत, त्यामुळे 'युइंट३२_टी डझ नॉट नेम अ टाइप' ही तक्रार जुन्या लायब्ररींमध्ये हमखास येते. त्या त्या फाइलमध्ये ते हेडर लिहिणं हाच उपाय. सी कोडमध्ये १४ ने जाहीर न केलेलं फंक्शन वापरणं, पॉइंटरचे प्रकार न जुळणं या वॉर्निंगच्या एरर केल्या आहेत. -एफपर्मिसिव्हने त्या परत वॉर्निंग होतात, पण जुळवून घेणं बरं. न जाहीर केलेलं फंक्शन पॉइंटर परत करत असेल तर त्याचे वरचे ३२ बिट कापले जातात, आणि ती चूक कुठेतरी तिसरीकडेच फुटते.

आणखी एक. १५ पर्यंतच्या जीसीसीत सी++२० चा आधार प्रयोगात्मक गणलेला आहे. म्हणजे सी++२० किंवा २३ मोडमधली काही ऑब्जेक्ट १२ ने आणि काही १४ ने बांधून एकत्र लिंक करू नका. सी++१७ साठी ही मिसळ चालते, इथे हमी नाही. सगळा प्रकल्प एकाच कंपायलरने.

---

पायरी_पायरी

कंटेनरचा पर्यायही आहे. डॉकरच्या अधिकृत जीसीसी इमेजमध्ये १४-बुकवर्म असा टॅग मिळतो, तोच घ्या. नुसता १४ घेतलात तर खालची डेबियन उद्या बदलू शकते आणि वर सांगितलेला २.३८ चा प्रश्न मागच्या दाराने येतो. सोर्सचं फोल्डर -व्ही ने जोडा आणि --युझरमध्ये स्वतःचा यूआयडी-जीआयडी द्या, नाहीतर सगळ्या .ओ फाइल रूटच्या नावावर पडतात. या इमेजमध्येही नवी लायब्ररी /यूएसआर/लोकल/लिब६४ मध्ये असते, म्हणून बाहेर नेताना स्टॅटिक-लिबएसटीडीसी++ लागतंच.

रेड हॅट, अल्मा, रॉकीवाल्यांना हे सगळं तयार मिळतं. डीएनएफने जीसीसी-टूलसेट-१४ घ्या, एससीएल इनेबल करून त्या शेलमध्ये कंपाइल करा. त्यांच्या टूलसेटमधली लिबएसटीडीसी++.एसओ ही खरी लायब्ररी नाही, दोन ओळींची लिंकर स्क्रिप्ट आहे: सिस्टीममध्ये जे सिंबॉल आहेत ते सिस्टीमच्या .एसओमधून घ्या, जे नाहीत तेवढेच नॉनशेअर्ड नावाच्या स्टॅटिक लायब्ररीतून बायनरीत भरा. त्यामुळे बायनरी टूलसेट नसलेल्या मशीनवरही चालते आणि लायब्ररीच्या दोन प्रतीही होत नाहीत. डेबियनकडे याच्या तोडीचं काही असतं तर हा धागाच लागला नसता.

---

तिठा

स्टॅटिकचे दोन्ही ऑप्शन देऊन बांधला. ऑब्जडंप -टी (कॅपिटल टी) ने पाहिलं, जीलिबसीची सगळ्यात वरची मागणी २.३४ दिसते. सर्व्हरवर चालला. पण एलडीडीमध्ये सिस्टीमची लिबएसटीडीसी++.एसओ.६ अजून दिसतेच आहे. ऑप्शन लागू झाला नाही का? आम्ही एप्टमधली प्रोटोबफ शेअर्ड लिंक करतो.

---

घाटवाट

ऑप्शन लागू झालाय. रीडएल्फ -डी मध्ये तुमच्या बायनरीच्या 'नीडेड' ओळींत ती नसेल. तिला प्रोटोबफ आणतोय, कारण त्याला ती लागते. म्हणजे एकाच प्रोसेसमध्ये लिबएसटीडीसी++च्या दोन प्रती झाल्या, १४ ची तुमच्या पोटात आणि १२ ची बाहेर. बहुतेक वेळा चालून जातं, पण लोकेल, एक्सेप्शन यांचा व्यवहार दोन्ही प्रतींमधून होतो, आणि अशा ठिकाणी येणारा क्रॅश शोधायला फार कठीण जातो. सी++ची शेअर्ड लायब्ररी सोबत असेल तर स्टॅटिकचा मार्ग सोडा.

त्याऐवजी /ऑप्ट/जीसीसी-१४/लिब६४ मधल्या लिबएसटीडीसी++.एसओ.६ आणि लिबजीसीसी_एस.एसओ.१ या दोन फाइल बायनरीशेजारी 'लिब' फोल्डरमध्ये ठेवून पाठवा. पहिली ही खरं तर ६.०.३३ कडे नेणारी लिंक आहे, सीपी -एल (कॅपिटल एल) ने खरी फाइल घ्या. लिंक करताना आरपाथ '$ओरिजिन/लिब' द्या ($ओरिजिन म्हणजे बायनरी जिथे आहे ते फोल्डर). शेलमध्ये तो एकेरी अवतरणात हवा आणि मेकफाइलमध्ये डॉलर दोनदा हवा, नाहीतर ते व्हेरिएबल समजून रिकामं केलं जातं आणि आरपाथमध्ये भलतंच काही उरतं. पुन्हा रीडएल्फनेच तपासा. तुमच्या प्रोग्रामने १४ ची लायब्ररी आधी उचलली की प्रोटोबफलाही तीच मिळते. नाव तेच असल्याने लोडर दुसरी आणत नाही, आणि जुन्या सिंबॉलच्या सगळ्या पायऱ्या नवीत आहेतच.

एक अपवाद. प्रोग्रामला १०२४ च्या खालचं पोर्ट मिळावं म्हणून सेटकॅप (फाइलला खास अधिकार देणारी कमांड) लावणार असाल तर लोडर सुरक्षित मोडमध्ये जातो. तिथे एलडी_लायब्ररी_पाथ दुर्लक्षिला जातो आणि विश्वासातल्या फोल्डरांबाहेर $ओरिजिनही मानला जात नाही. लायब्ररी शेजारीच ठेवलेली असताना पुन्हा ३.४.३२ ची तक्रार दिसेल. तेव्हा आरपाथमध्ये /ऑप्टपासूनचा पूर्ण पत्ता लिहा आणि प्रत्येक सर्व्हरवर फाइल त्याच पत्त्यावर ठेवा. किंवा सेटकॅप सोडून सिस्टमडीच्या सर्व्हिस फाइलमध्ये अ‍ॅम्बियंट कॅपेबिलिटी म्हणून कॅप_नेट_बाइंड_सर्व्हिस द्या, मग बायनरीवर काही लावावं लागत नाही आणि $ओरिजिन नेहमीसारखा चालतो.

---

तिठा

सर्व्हिस आधीच सिस्टमडीतून चालते, सेटकॅप काढून अ‍ॅम्बियंट केलं. एलडीडीत आता शेजारच्या फोल्डरमधली एकच प्रत दिसते. धागा 'उत्तर मिळालं' करतो.